आसवांची साक्ष

टीव्हीपुढे बसून हसणाऱ्या आणि चित्रपटगृहात बसून रडणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोन्ही बाजूंनी बोलणी खावी लागतात. विद्वान म्हणतात, ही भावना स्वस्त आहे. धर्मनिष्ठ म्हणतात, ती व्यर्थ आहे. जे घडलेच नाही त्यासाठी डोळे ओले करण्यात काय हशील, असा प्रश्न प्रवचनांतून वारंवार विचारला जातो. उपवासकाळात तर तो हटकून विचारला जातो. आम्हाला हा आक्षेप मान्य नाही. आणि या आक्षेपाला लाजून जे लोक ‘छे, तो नुसता सिनेमा होता’ म्हणत डोळे पुसतात व घरी जाऊन जसेच्या तसे वागू लागतात, त्यांचे वागणे तर आम्हाला त्याहूनही अमान्य आहे. पहिल्या पक्षाशी आमचे भांडण थोडे आहे, दुसऱ्याशी बरेच आहे. वाचकांपैकी अनेक जण दुसऱ्या पक्षात मोडतात, याची आम्हाला कल्पना आहे.

आक्षेपाचा पूर्वज मात्र थोर आहे, हे मान्य केलेच पाहिजे. संत अगस्तीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात कार्थेज नगरातील आपल्या तरुणपणाची हकीकत सांगताना नाटकांच्या वेडाची चांगलीच खरडपट्टी काढली आहे. जे दुःख स्वतःच्या वाट्याला आलेले माणसाला मुळीच चालणार नाही, ते रंगमंचावर पाहायला तो एवढ्या हौसेने का जातो, असे ते विचारतात. करुणा म्हणजे दुःखिताच्या मदतीला धावणे. पण रंगमंचावरच्या दुःखिताला मदत करण्याची सोयच नसते. प्रेक्षकाला आमंत्रण असते ते फक्त दुःखी होण्याचे. त्याआधी, पहिल्या भागात, लहानपणी व्हर्जिलच्या काव्यातील डिडो राणीच्या मरणावर आपण रडलो आणि स्वतःच्या आत्म्याच्या दुर्दशेवर मात्र एक टिपूसही गाळले नाही, अशी खंत त्यांनी नोंदवली आहे. गुरुविद्यालयात आम्हाला हे प्रकरण अभ्यासाला होते. सोळा शतके लोटली तरी या युक्तिवादाची धार बोथट झालेली नाही. आज टीव्हीविरुद्ध जे काही बोलले जाते, त्यातील निम्मे अगस्तीन यांचे उष्टे आहे. फक्त त्यांची बुद्धी त्यात उतरलेली नाही.

परंतु त्याच पवित्र शास्त्रात, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात, एक प्रसंग आहे. दावीद राजाने उरीयाची बायको बळकावली आहे आणि उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारवले आहे. नाथान संदेष्टा राजाकडे येतो व त्याला एक गोष्ट सांगतो. एका गावात एक श्रीमंत होता आणि एक गरीब. श्रीमंताकडे गुराढोरांचे कळप होते; गरिबाकडे एकच मेंढी होती, ती त्याच्याच ताटातले खाई आणि लेकीसारखी त्याच्या कुशीत निजे. श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हा त्याने स्वतःच्या कळपाला हात न लावता गरिबाची मेंढी कापली. राजा ही गोष्ट ऐकून संतापाने लाल होतो आणि असा माणूस मरणालाच योग्य आहे असा निवाडा देऊन टाकतो. वस्तुतः असा श्रीमंत कुठे नव्हता, गरीब नव्हता, मेंढीही नव्हती. नाथानाने पात्रे रचली होती, अगदी आजच्या मालिका लेखकाप्रमाणे. गोष्ट कल्पित होती. राजाचा राग मात्र खराखुरा होता. आणि त्या रागाच्या बळावरच नाथान राजाकडे बोट रोखू शकला. त्या क्षणी दावीद जर म्हणाला असता की, ही तर नुसती गोष्ट होती, तर तो सुटला असता. तो तसे म्हणाला नाही, यातच त्याचे मोठेपण आहे.

तेव्हा कल्पित पात्रासाठी उमटलेली भावना खोटी असते, हे आम्ही मानत नाही. ती एक साक्ष असते. ती देणारा पुढे काय करतो, हा आमचा प्रश्न आहे.

आधी हसण्याकडे वळू, कारण हसण्याला आपण आसवांहूनही हलके समजतो.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्या दशकाच्या अखेरीस ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही मालिका घरोघर पोहोचली. निदान ज्या घरी टीव्ही होता त्या घरी, आणि त्याच्या शेजारच्या दहा घरांतली माणसे तिथेच सतरंजीवर असत. चिमणराव झाले होते दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊ झाले होते बाळ कर्वे. पात्रे चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांची. (हे जोशी बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक होते. आमच्या गावाचे नाव पाली असल्याने हे सांगताना आम्हाला उगाचच आपुलकी वाटते. गावाचा त्या भाषेशी काही संबंध नाही.) या मालिकेतले हसू कशाने येई? चिमणराव आता घाबरणार, हे त्यांच्या आधी आपल्याला कळलेले असे. त्यांचा भित्रेपणा, त्यांची शेखी, पत्नीपुढची त्यांची सारवासारव आपल्या ओळखीची झालेली असे. हे हसू परिचयातून येणारे आहे. नात्यातल्या माणसाच्या खोडीला आपण हसतो तसे. जो हसतो तो थोडाबहुत स्वतःलाही हसत असतो, कारण चिमणराव आपल्यात किती आहे हे ज्याचे त्याला ठाऊक असते.

दुसऱ्या जातीचे हसू वेगळे. त्यात पात्राला नाव असले तरी चालते, नसले तरी चालते. पुरुषाला साडी नेसवली की हसा, जाड्या बाईने दारातून आत यायचे म्हटले की हसा, काळ्या रंगाच्या मुलीला स्थळ आले की हसा. प्रेक्षक हसेल याची खात्री नसल्याने तिथे यंत्राने हसू ओतलेले असते. हे तंत्र १९५० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने आणले. त्याने लोकांच्या हसण्याचे ध्वनिमुद्रित तुकडे एका पेटीत भरले. हवे तिथे कळ दाबायची आणि हवे तेवढे हसू काढायचे. डबाबंद हसू ऐकून आपणही हसतो, ही मनुष्यस्वभावाची गंमत आहे. पण त्या हसण्यात कुणाचीही ओळख होत नाही. अशा कार्यक्रमांवर टीका करणाऱ्यांच्या बाजूने आम्ही आहोत. मात्र टीकाकार एका फटक्यात दोन्ही हसू एकाच टोपलीत टाकतात आणि ‘टीव्ही बंद करा’ म्हणतात, तेव्हा त्यांना चिमणराव आणि कळपेटी यांतला फरक कळत नाही असेच म्हणावे लागते.

प्रभावळकरांनीच पुढे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेत आबा साकारले. त्यांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनावर आधारलेली, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका २००१ ते २००५ या काळात अल्फा मराठीवर चालली. मुलगा शेखर, सून श्यामला, दोन नातवंडे आणि हे म्हातारे आबा. कथेत खून नाही, कटकारस्थान नाही, विहिरीत ढकललेली सून नाही. एक सेवानिवृत्त माणूस घरात अडगळ न होता राहण्याचा प्रयत्न करतो, एवढेच. महाराष्ट्राने या आबांवर जीव लावला. चार वर्षे लोक त्यांना हसले आणि अधूनमधून, का ते न कळता, गळ्यात आवंढा आला म्हणून पाणी प्यायला उठले.

आता आमचा प्रश्न. ज्या घरात टिपरे आबांचे बोलणे नीट ऐकू यावे म्हणून कोपऱ्यातल्या खाटेवरच्या खऱ्या आबांना ‘जरा गप्प बसा’ म्हटले गेले, त्या घराने नेमके कशावर प्रेम केले? अशी घरे शोधत हिंडावे लागत नाही.

आम्ही राहतो त्या बीड जिल्ह्यात, बिंदुसरा प्रकल्पाच्या काठच्या पालीच्या परिसरात आणि एकंदर या पट्ट्यात, दसरा-दिवाळीनंतर गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी टोळ्यांनी ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. जिल्ह्यातून लाखो माणसे दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व ऊस संपला की उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेत नाव असलेली मुले. अशा घरात संध्याकाळी टीव्हीवर जे कुटुंब हसतेबोलते, तेवढाच आवाज घरात असतो. त्या म्हाताऱ्याने किंवा म्हातारीने मालिकेतल्या सुनेचे नाव घेऊन तिची काळजी करावी, तिला पडद्याबाहेरून सल्ला द्यावा, याला कुणी वेडेपणा म्हणो. आम्ही म्हणणार नाही. ज्यांना बोलायला माणूस उरलेले नाही, त्यांच्यातील माया अजून जिवंत आहे आणि तिला कुठेतरी टेकायला जागा हवी, इतकाच त्याचा अर्थ. ‘आजी, ते खरे नसते’ असे त्यांना शिकवायला जाणाऱ्या सुशिक्षितांनी आधी तासभर त्यांच्याजवळ बसून दाखवावे.

हसवणाऱ्या पात्राशी जडलेले नाते किती खोल जाते, याचे एक उदाहरण अलीकडचे आहे. ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ या २००४ साली सुरू झालेल्या हिंदी मालिकेतील इंद्रवदन म्हणजे सतीश शाह २५ ऑक्टोबर २०२५ रोजी वारले. अंत्यसंस्काराच्या वेळी त्यांच्या सहकलाकारांनी त्या मालिकेचे शीर्षकगीत रडत रडत गायले. काहींना ते अप्रस्तुत वाटले. आम्हाला वाटले नाही. ज्याने वीस वर्षांपूर्वी एका कुटुंबाचे सोंग आणले, त्याच्या चितेजवळ ते कुटुंब खरेच उभे राहिले. आपल्या दफनविधीत आपणही गातोच की.

गाण्याचा विषय निघाला आहे, तेव्हा गाण्याच्या चित्रपटांकडे येऊ. येथे आपल्या समाजाने काही बाबतींत अधिक जपून बोलले पाहिजे, कारण या देशाला रडवणाऱ्या आणि नाचवणाऱ्या चित्रपटसंगीतात आपल्याच माणसांचे हात आहेत. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी आणि संयोजकांनी हिंदी चित्रपटगीतांना वाद्यवृंदाची भरजरी वस्त्रे नेसवली. त्यांतील पुष्कळांनी सूर ओळखायला शिकले ते चर्चच्या संगीतशाळेत. पडद्यावर त्यांची नावे क्वचितच आली. अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. शिष्याने १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील गाण्यात गुरूचे नाव घातले आणि ते देशभर झाले. पण लोकांना ठाऊक झाला तो ईस्टरच्या भल्यामोठ्या अंड्यातून टोपी घालून बाहेर येणारा अमिताभ.

हा अँथनी दारूचा गुत्ता चालवतो. ख्रिस्ती माणूस म्हणजे दारूडा, ख्रिस्ती मुलगी म्हणजे तोकडा झगा, हा हिंदी चित्रपटाचा साचा आपल्याला दीर्घकाळ टोचत आला आणि त्याविरुद्ध याच पानांसारख्या पानांतून योग्य तेच लिहिले गेले. तरीही आपल्याच घरांत अँथनीवर माया करणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. का बरे? कारण साच्यातून बाहेर पडून तो मधूनच माणूस होतो: कमाईतला निम्मा वाटा देवाच्या नावे बाजूला काढतो आणि ज्या पाद्र्याने सांभाळले त्याच्यासाठी जीव टाकतो. साच्याला आपण हसतो आणि विसरतो. माणूस झालेले पात्र विसरता येत नाही. हीच कसोटी आम्ही चिमणरावांना लावली, हीच अँथनीला, आणि हीच आता आर्ची-परशाला लावणार आहोत.

२९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. करमाळा म्हणजे बीड जिल्ह्याला फार दूर नाही. त्या चित्रपटातली माती, ऊस, पाणी आणि भाषा इकडच्या माणसाला कुणी समजावून द्यावी लागत नाही. अजय-अतुल यांच्या चार गाण्यांनी जे केले, ते पूर्वी आम्ही कधी पाहिले नव्हते. ‘झिंगाट’ सुरू झाले की चित्रपटगृहातली माणसे खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचू लागत. पोरे, बाया, बाप्ये, सगळी. चारही गाणी चित्रपटाच्या पूर्वार्धात आहेत. उत्तरार्धात गाणे नाही. परक्या शहरात एका खोलीतला संसार आहे, भांडण आहे, डोसे विकणे आहे, एक मूल आहे. आणि शेवटी आवाजही नाही. पाटलाची मुलगी आणि मासेमारी करणाऱ्या पारध्याचा मुलगा, दोघे तिच्याच भावाच्या हातून मरून पडतात आणि रक्तात पाय बुडालेले ते मूल रडत बाहेर जाते. जे लोक दीड तासापूर्वी नाचत होते, ते मुकाट्याने उठून बाहेर पडत. दिग्दर्शकाने आधी तुम्हाला नाचवून त्या दोघांच्या बाजूने उभे केले. वऱ्हाडात घेतले म्हणा ना. त्यानंतर त्याने तुम्हाला वऱ्हाडाला मढ्याजवळ आणून ठेवले. हा नाथानाचा डाव आहे.

या चित्रपटाच्या प्रदर्शनाच्या दोन वर्षे आणि एक दिवस आधी, २८ एप्रिल २०१४ रोजी, जामखेड तालुक्यातल्या खर्डा येथे, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, सतरा वर्षांच्या एका दलित शाळकरी मुलाची हत्या झाली. वरच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातीच्या मुलीशी तो बोलला, हा त्याचा गुन्हा. जामखेड तालुक्याची शीव बीड जिल्ह्याला लागून आहे. खटला उभा राहिला, साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. या दोन तारखांच्या मध्ये अख्खा महाराष्ट्र आर्ची-परशासाठी रडला होता. त्या साक्षीदारांपैकी कुणी ‘सैराट’ पाहिला होता काय, हे शोधत बसण्याचे कारण नाही. ज्या मुलखात तो चित्रपट महिनोन्महिने चालला, त्याच मुलखात, त्याच वेळी एका खऱ्या परशासाठी उभे राहून बोलायला पुरेशी माणसे मिळाली नाहीत.

संत अगस्तीन येथे विचारतील: मी काय सांगत होतो? आम्ही त्यांना नम्रपणे उत्तर देऊ की, आसवे खोटी होती म्हणून असे झाले नाही. ती खरी होती. रडणारे आपल्याच साक्षीपासून फितूर झाले. आणि फितूर होण्याची सवय लावणारे वाक्य ‘सिनेमा तो सिनेमा’ हे आहे. हे वाक्य आपल्याला चित्रपटगृहाच्या दारातच तयार मिळते. ते विद्वान आणि धर्मनिष्ठ अशा दोघांनी मिळून आपल्याला शिकवले आहे. भावना व्यर्थ असते असे वर्षानुवर्षे सांगत राहिलो, तर ती आली असता तिच्यामुळे काही करावे लागते हे लोक विसरणार नाहीत तर काय?

हे सारे दुसऱ्यांबद्दल चालले आहे असे समजून कुणी मान डोलावत असेल, तर त्याने थांबावे. मराठवाड्यातील आपल्या पुष्कळ घरांचा ख्रिस्तसभेतला प्रवेश तीन-चार पिढ्यांपूर्वीचा. जातीच्या जाचाला कंटाळून आपले आजे-पणजे या दारात आले, हे आपण जयंतीउत्सवात अभिमानाने सांगतो. पण लग्न जुळवायची वेळ आली की त्याच घरातून आमच्याकडे आवाज खाली करून विचारणा होते: ‘फादर, मुलगा चांगला आहे, नोकरी आहे, मिस्सेला नियमित येतो; पण ते मूळचे कोण?’ विचारणाऱ्यांनी ‘सैराट’ पाहिलेला असतो. काहींनी दोनदा पाहिलेला असतो. एका मातेने तर त्या शेवटच्या बाळासाठी आपल्याला रात्रभर झोप लागली नाही असे आम्हाला सांगितले होते. आणि पुढे काही महिन्यांनी तीच हा प्रश्न घेऊन आली. तिची ती रात्र खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. त्या रात्रीच्याच आधाराने आम्ही तिच्याशी बोललो. ‘मेलेल्या आर्चीसाठी तुम्ही जागलात, जिवंत मुलीसाठी का जागत नाही?’ एवढेच विचारले. ती रागावली. बरेच दिवस चर्चमध्ये आमच्या नजरेला नजर देत नव्हती. तिचे रागावणे आम्हाला तिच्या प्रश्नापेक्षा बरे वाटले.

काही वाचक म्हणतील, धर्मगुरूंनी सिनेमा-मालिकांच्या आधारे विवाहाचे उपदेश करावेत काय. त्यासाठी शास्त्र आहे, परंपरा आहे. आहेच. पण शास्त्रवचन ऐकताना माणूस सावध होऊन बसतो. आपल्यावर काय येणार हे त्याला आधीच ठाऊक असते. आर्चीपुढे बसताना तो बेसावध असतो. दावीदही बेसावध होता, म्हणून नाथानाने आज्ञा वाचून न दाखवता मेंढीची गोष्ट सांगितली. तेव्हा उपवासकाळात ‘टीव्ही बंद करा’ हा उपदेश आम्ही देणार नाही. टिपरे पाहा, आवडत असेल तर पुन्हा पाहा. मोबाइलवर जुने भाग बघता येतात. मात्र ज्या घरात आबा आहेत तिथे तो मोबाइल त्यांच्या खाटेजवळ नेऊन पाहा आणि मध्ये ते बोलले तर मालिका थांबवा. तशी सोय आता आहे. १९७० च्या दशकातल्या टीव्हीला नव्हती.

राहता राहिला ‘मूळचे कोण’ हा प्रश्न. विवाहापूर्वी वधूवरांची जी चौकशी धर्मग्रामात केली जाते, तिच्या छापील अर्जात नाव, बाप्तिस्मा, दृढीकरण, आधीचा विवाह, नातेसंबंध, स्वखुशी हे सर्व विचारलेले असते. जातीचा रकाना त्यात नाही. तो रकाना तोंडी भरून देण्याची विनंती यापुढे ज्यांना आमच्याकडे करावयाची असेल, त्यांनी आधी ‘सैराट’चा शेवट पाहिला होता की नाही, आणि पाहून काय वाटले होते, हे आम्हाला सांगावे. मग बोलू.